सुळका कुणाचा? एडीसीच्या टेस्टमधला इनपुट फिल्टर

एडीसी म्हणजे अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप. आदर्श १४ बिटांच्या एडीसीचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ८६ डेसिबल येतं. सूत्र तुम्हाला पाठच असेल: बिटांची संख्या गुणिले ६.०२, अधिक १.७६. आता त्याला साइन वेव्ह पुरवणाऱ्या जनरेटरकडे बघा. भारी आरएफ जनरेटरचासुद्धा दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) बऱ्याचदा मूळ सिग्नलच्या जेमतेम ३०-४० डेसिबल खाली असतो. तो थेट एडीसीला जोडलात, तर एफएफटीवर (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्या दाखवणाऱ्या आलेखावर) दिसणारा सुळका जनरेटरचा आणि नापास एडीसी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

म्हणून मध्ये बँडपास फिल्टर घालायचा. टेस्ट १० मेगाहर्ट्झवर असेल तर १० ला जाऊ देणारा आणि २० ला निदान ६० डेसिबलनं दाबणारा. इथवर सगळेच करतात. विसरतात ते नॉइजला. समजा, सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलचे नमुने घेणं, ६५ मेगाहर्ट्झनं चाललंय. त्याचं अर्धं ३२.५; एडीसीला वेगळा ओळखता येणारा पट्टा तेवढाच. पण इनपुटची बँडविड्थ ६५० मेगाहर्ट्झ असू शकते. म्हणजे ३२.५ चे २० पट्टे झाले, आणि त्या विसांतला जनरेटरचा नॉइज घडी पडून पहिल्याच पट्ट्यात येऊन साचतो. नॉइज सगळीकडे सारखा धरला तर ही १३ डेसिबलची वाढ आहे. आकडा डेटाशीटपेक्षा कमी आला की लगेच ग्राउंडिंगच्या मागे लागतात लोक. आधी हा हिशेब मांडावा. फिल्टरची दाबण्याची ताकद त्या वरच्या टोकापर्यंत टिकते का, तेही तपासावं.

फिल्टरही काही धुतल्या तांदळासारखा नसतो. मोठ्या सिग्नलला कॉइलचा फेराइट गाभा सॅच्युरेट होऊ लागला की तिसरा हार्मोनिक तिथेच जन्मतो. एक्स७आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारिता व्होल्टेजनुसार हलते. तिथे सी०जी जातीचा वापरा. बिनगाभ्याची कॉइल मोठी होते, होऊ द्या. अॅम्प्लिफायर लागलाच तर तो फिल्टरच्या आधी.

फिल्टर आणि एडीसीच्या मध्ये ३ किंवा ६ डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल तेवढा उतरवणारी रेझिस्टरांची जोडणी, ठेवा. सॅम्पलिंगचा स्विच दर वेळी चार्जचा एक झटका मागे फेकतो. आपल्या पट्ट्याबाहेरचं फिल्टर पचवत नाही, परतवून लावतो, आणि पुढचा नमुना घेतानाही ते तिथेच घुमत राहतं. पॅडमधून त्याला दोनदा जावं लागतं, तेवढं ते विरतं.

एवढं करूनही दुसरा हार्मोनिक उरला तर? पॅड ३ डेसिबलनं वाढवून बघा. हार्मोनिकही ३ नंच उतरला, तर तो बाहेरून आलाय. ६ नं उतरला, तर एडीसीच्या इनपुटचा. एडीसीच्या आतल्या असमान पायऱ्यांतून येणारे हार्मोनिक मात्र हा नियम पाळत नाहीत. तिथे वेगळ्या बनावटीचा फिल्टर लावून आकडा हलतो का, ते बघायचं.

मूळ फ्रिक्वेन्सीला चिकटलेल्या फेज नॉइजवर (सिग्नलच्या लयीतल्या थरथरीतून येणाऱ्या नॉइजवर) फिल्टरचा इलाज नाही, कारण तो पासबँडमध्येच बसलेला असतो. त्यासाठी जनरेटरच चांगला हवा. आणि सॅम्पलिंगचे ठोके देणाऱ्या क्लॉकला १ पिकोसेकंद जिटर (ठोक्यांच्या वेळेतली थरथर) असेल तर १०० मेगाहर्ट्झच्या इनपुटला गुणोत्तर ६४ डेसिबलच्या पुढे सरकत नाही, इनपुटचा फिल्टर कितीही उत्तम असो. तेव्हा दुसरा बँडपास क्लॉकच्या वाटेवर लावा.