ओळंब्यावर बसवलेला ॲक्सल

(दृश्य: पत्र्यावर कोसळणारी सर. शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवलेली जीप. तिच्या खाली लोंबणारा ओळंबा.)

मिरग लागून आठवडा झाला. देवगडचा सडा भिजून काळा पडलाय, आंब्याच्या बागा रिकाम्या झाल्यात, आणि हंगामभर पेट्या वाहून दमलेली एक जुनी जीप या शेडमध्ये येऊन थांबलीय. चॅसीवरून खाली लोंबतोय तो ओळंबा गवंड्याचा आहे. शेजारी चिऱ्याच्या घराचं काम चालू आहे, तिथून या शेडच्या मेस्त्रींनी तो सकाळीच मागून आणला.

ही जीप 80 इंच चाकांतराची, म्हणजे 2032 मिलिमीटर. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली. इंजिन अजून ठणठणीत आहे. मागचा ॲक्सल मात्र संपला.

(दृश्य: जुनं हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं कवच. गंजाचे पापुद्रे. हातोडीचा हलका ठोका, आणि पडणारा चुरा.)

समुद्राची खारी हवा आणि चिखल यांनी नेमकी जागा शोधली. ॲक्सलच्या नळीवर जिथे कमानीचे पाटे बसतात, तिथे जाड पत्र्याची एक खोगिरासारखी बैठक वेल्ड केलेली असते. कोणी तिला सीट म्हणतं, कोणी पॅड. या बैठकीच्या आणि नळीच्या फटीत ओल साचून राहते, ती चैत्रातसुद्धा पुरती सुकत नाही. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतली नळी कागदासारखी पातळ होते.

भंगारातून दुसरं हाउसिंग मिळालं. नळ्या भक्कम, आतले दात चांगले. पण त्याच्या बैठका वेगळ्या अंतरावर होत्या, दुसऱ्याच कुठल्या पाट्यांसाठी. मेस्त्रींनी त्या ग्राइंडरने साफ उडवल्या. आता नळी गुळगुळीत आहे. नव्या बैठका कुठे आणि कोणत्या कलाने बसवायच्या, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही. ते चॅसीला विचारायचं.

मला हे काम पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं, त्याला कारण आहे. आमच्या घरच्या जीपचा ॲक्सल असाच एकदा बदलला होता, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथे हाउसिंग बाहेर जमिनीवर ठेवून, डोळ्यांनी अंदाज घेऊन बैठका जोडल्या. गाडी घरी आली ती तिरकी चालत. ओल्या मातीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगवेगळ्या रेघा उमटायच्या. वेग धरला की तळातून थरथर यायची, आणि मागच्या ॲक्सलला इंजिनचा जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, एका पावसाळ्यात दोनदा बदलावे लागले. वडील ती गाडी विकेपर्यंत हळूच चालवत राहिले.

(दृश्य: मेस्त्री जमिनीवर खडूने खुणा करताहेत.)

मेस्त्री नव्या ॲक्सलला अजून हात लावत नाहीत. आधी चॅसी तपासतात. पाटे चॅसीला जोडणाऱ्या पुढच्या आणि मागच्या हँगरच्या बोल्टांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूचे चार ठिपके घ्यायचे आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. घराचा पाया आखतानाही हेच करतात. चौकटच वाकडी असेल तर तिच्यावरून घेतलेलं प्रत्येक माप वाकडं येणार.

मग पाटे. पाट्यांची चळत एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं, आणि ॲक्सल पुढे की मागे हे तेच ठरवतं. म्हणून पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून, म्हणजे टोकाच्या वेटोळ्यापासून, सेंटर बोल्टपर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या पाट्यात सारखं हवं. बैठकीचा अर्धगोल कापताना भोक मधोमध यायला हवं. दोन पाट्यांमध्ये साधारण एक मीटर अंतर धरा. एका बाजूला 5 मिलिमीटर चुकले, तर पुढच्या चाकांपर्यंतच्या दोन मीटरमध्ये रोख 10 मिलिमीटर सरकतो. एवढ्यानेही स्टिअरिंग वाकडं धरून चालवायची पाळी येते.

(दृश्य: हाउसिंग जीपखाली सरकतं. यू बोल्ट वरून घातले जातात.)

या जीपमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर असतो. यू बोल्ट नळीवरून खाली उतरतात आणि पाट्याखालच्या प्लेटला जखडतात. म्हणजे मागचं सगळं वजन या बोल्टांना टांगलेलं असतं. म्हणून मेस्त्री जुने यू बोल्ट परत वापरत नाहीत, ते कितीही चांगले दिसोत. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देईल याचा भरवसा नसतो.

आता नव्या बैठका नळी आणि पाट्यांच्या मध्ये, पण वेल्डिंगशिवाय. यू बोल्ट हाताने आवळलेले, नळी जोर लावला तर फिरेल एवढेच. चाकं चढवली, घोडे काढले, जीप स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मागे हौद्यात चार चिरे ठेवले, नेहमीच्या ओझ्याएवढे. वजन आल्यावर पाटे सपाट होतात आणि सगळे कोन बदलतात. हवेत लटकलेल्या गाडीवर घेतलेला कोन रस्त्यावर उपयोगाचा नसतो.

जीपचे मालक बागायतदार छत्री मिटून आत येतात.

«मेस्त्रीनू, गाडी कधी गावतली?»

«झिला, घाई कित्याक? माप चुकला तर सगळा परत कापूक लागतला.»

(दृश्य: चाकामागच्या ब्रेकच्या बॅकिंग प्लेटपासून चॅसीपर्यंत टेप.)

डावी-उजवी मापं घेताना या जीपमध्ये एक फसगत होते. डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या दातांचा, गोळा ॲक्सलच्या मधोमध नसतो. तो उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीतून, मागे येणारा शाफ्टच उजवीकडून निघतो. गोळा मध्यावर आणायला गेलात तर अख्खा ॲक्सल डावीकडे जाईल. म्हणून मापं दोन्ही टोकांच्या बॅकिंग प्लेटवरून घ्यायची, चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांपर्यंत. नंतर पुढच्या हँगरपासून ॲक्सलच्या विरुद्ध बाजूच्या टोकापर्यंत तिरकी मापं. तीन मिलिमीटरच्या वर फरक मेस्त्री चालवून घेत नाहीत.

आणि मग सगळ्यात नाजूक काम. पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ज्याला जोडतात त्या डिफरन्शियलच्या दांड्याचं, तोंड किती वर, किती खाली.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. शाफ्ट कोनात असला की क्रॉस एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो जलद होतो आणि दोनदा मंद. पुढचा क्रॉस जेवढी ओढाताण निर्माण करतो, तेवढीच मागच्याने उलटी करून मिटवायची. त्यासाठी ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. इथे ट्रान्सफर केसचा शाफ्ट मागच्या बाजूला 4 अंश उतरता आहे. मग पिनियनचं तोंडही 4 अंश वर हवं.

पण मेस्त्री 2 अंशच ठेवतात. चढावर गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला की चाकं पुढे ढकलतात, हाउसिंग उलटं वळू पाहतं, पाटे पिळतात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. करूळ घाट चढताना हे पूर्ण जोरात होतं. त्यामुळे उभ्या गाडीत ते हव्या कोनापेक्षा दोनेक अंश खाली ठेवायचं. ओझ्याखाली ते आपसूक जागेवर येतं.

पिनियनच्या तोंडाखाली छोटा जॅक लावलाय. चुंबकाचं कोनमापक आधी शाफ्ट जोडायच्या पुढच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, मग मागच्या. शेडची जमीन एका अंगाला उतरती आहे, पण दोन्ही कोन एकाच ओळंब्याशी मोजले जातात, तेव्हा तो उतार वजाबाकीत निघून जातो. जॅकचा दांडा पाव फेरा फिरतो. पुन्हा वाचन. पुन्हा पाव फेरा. शेडमध्ये कोणी बोलत नाही, फक्त पत्र्यावरचा पाऊस.

(दृश्य: चार टाके. ठिणग्या. मग पुन्हा टेप आणि कोनमापक.)

प्रत्येक बैठकीला वेल्डिंगचे चार छोटे टाके, एवढंच. आणि सगळी मापं पहिल्यापासून पुन्हा. टाका ग्राइंडरने पाच मिनिटांत सुटतो, पूर्ण वेल्ड केल्यावर अख्खा दिवस जातो.

मापं जुळल्यावर ॲक्सल बाहेर येतो. आतले शाफ्ट, बेअरिंग, ऑइल सील, सगळं काढलेलं. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच, नळीवर. वेल्डिंगचे रॉड 7018 प्रतीचे, आणि ते गरम पेटीतून एकेक करून बाहेर येतात. या दिवसांत उघडा ठेवलेला रॉड हवेतली ओल पितो, आणि त्याचा वेल्ड आतून तडकू शकतो. एका वेळी एक इंच. इकडे एक इंच, तिकडे एक इंच, मध्ये थांबणं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. बैठका नळीच्या खालच्या अंगाला आहेत, म्हणजे घाई केली तर दोन्ही टोकं खाली वाकतील आणि चाकांचे माथे बाहेर कलतील. पाणी ओतून थंड करायचं नाही. शेडमधल्या पोराला मेस्त्री आज आवाज चढवून बोलले ते एवढ्या एकाच गोष्टीवरून.

रंग, ग्रीस, नवे यू बोल्ट, कर्णाकर्णाने आवळणं, हे संध्याकाळपर्यंत उरकतं. पाट्यांच्या डोळ्यांतल्या बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळले जातात.

(दृश्य: दुसरी सकाळ. उघाड. जीप लाल चिखलातून सिमेंटच्या रस्त्यावर येते.)

मेस्त्री रस्त्यावर उकिडवे बसून चाकांचे ठसे पाहतात. डावीकडे एक रेघ, उजवीकडे एक रेघ.

«तळेऱ्यापर्यंत जावन येतंय, मेस्त्रीनू.»

«इल्यार गाडी हयच हाड. बोल्ट परत आवळूक होये.»