मावशी, माग बंद करायलोय

[दृश्य: सोलापूरच्या पूर्व भागातली एक गल्ली. दिवेलागणीची वेळ. कॅमेरा स्थिर. फक्त मागांचा आवाज.]

खट-खट, खट-खट, खट-खट.

पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो अंगातच असतो. चादरीचे माग. आमच्या घराची मागची भिंत आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच आहे. माग चालू असले की फळीवरची भांडी हलकेच थरथरतात.

त्या भिंतीला कान लावून उभा आहे तो माझा धाकटा भाऊ. वय १९. कुकरची शिट्टी झाली की तो दोन्ही कान दाबून न्हाणीत पळतो, फटाका वाजला तर तासभर थरथरतो. पण हा एवढा मोठा खडखडाट त्याला हवासा वाटतो. कारण शिट्टी कधी होईल ते सांगता येत नाही. माग मात्र एका ठोक्यानंतर दुसरा ठोका देतोच.

[दृश्य: कारखान्याच्या दारातून एक तरुण डोकावतो.]

"मावशी, माग बंद करायलोय बघा!"

रोज संध्याकाळी ही हाक येते. अम्मा भावाजवळ जाऊन सांगते, "पाच मिनिटांत बंद." तो तिच्याकडे बघत नाही, पण त्या मुलाच्याच सुरात म्हणतो, "बंद करायलोय बघा." भिंतीवरून कान काढतो आणि आत येऊन बसतो.

ही हाक सुरू व्हायच्या आधी माग अचानक थांबायचे आणि हा भिंतीवर डोकं आपटायचा. गल्लीला वाटायचं, पोरगं हट्टी आहे, आईनं लाडावून ठेवलंय. मग एके दिवशी नायनांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कारखान्याच्या मालकांना घरी बोलावलं आणि फक्त बसवून ठेवलं. माग थांबले, पुढचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून हाक सुरू झाली. आज तिथली पोरं बदलली, मुकादम बदलले, हाक चालू आहे. ऑटिझम असलेल्या माणसाच्या घराला शेजाऱ्यांनी काय मदत करायची, असं मला कुणी विचारलं तर मी आधी ही हाक ऐकवते.

[दृश्य: भावाचे हात. जमिनीवर रंगीत सुताच्या कांड्या. लाल, लाल, लाल, मग हिरव्या.]

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द चांगल्या मनानं घडवलेला आहे, तरी मला तो थोडा टोचतो. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला इतरांची गरज नसते, असं त्यातून वाटतं. माझ्या भावाला आमची गरज आहे. नायना कामावरून यायला उशीर झाला की तो त्यांच्या चपलांच्या जागेवर जाऊन बसतो. "नायना कुठायत" हे वाक्य त्याला जुळवता येत नाही, एवढंच.

मेंदूची जडणघडणच वेगळी असण्याची ही अवस्था आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांबद्दल लिहिलं, तिथून या नावानं तिची ओळख झाली. त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरच म्हणत राहिले की आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं. ते खोटं ठरलं. १९९८ मध्ये लसीवर ठपका ठेवणारा एक लेख आला. तोही खोटा निघाला आणि ज्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता त्यानंच २०१० मध्ये तो मागे घेतला. पण आईवरचा ठपका काही कुणी मागे घेत नाही. आमच्या अम्मानं ऐकलेली कारणं सांगू? ग्रहणात चाकू धरला असेल. पोटात असताना विड्या वळल्या. मोबाइल दाखवला. आमच्या घरी तेव्हा दाखवण्यासारखा मोबाइलच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे, दर १२७ माणसांमागे एक. आपल्या गल्लीत, चाळीत, शाळेत किती जण असतील ते तुम्हीच मोजा. त्यातले किती दिसतात, तेही मोजा.

[दृश्य: अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहे. पान, तंबाखू, दोरा. हात थांबत नाहीत.]

भाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत सगळे म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात. चौथ्या वर्षी निदान झालं. निदान बरोबर होतं. पण त्याच खोलीत एक सल्लाही मिळाला, आणि तो मला अजून विसरता येत नाही. "घरात तेलुगू, बाहेर मराठी, म्हणून मूल गोंधळलंय. तेलुगू बंद करा. एकच भाषा ठेवा."

सोलापुरात हा सल्ला किती घरं उलटीपालटी करू शकतो, ते बाहेरच्याला कळणार नाही. इथे कुणाची आजी कन्नडमध्ये देवाचं म्हणते, कुणाची आई तेलुगूत रागावते, दुकानदार मराठीत हिशेब सांगतो, शेजारीण उर्दूत खबर देते. आमच्या नायनम्माला, म्हणजे वडिलांच्या आईला, तेलुगूशिवाय काहीच येत नव्हतं. अम्मानं तिला सांगितलं, बाळाशी बोलू नका. ती म्हातारी दोन वर्षं नातवाला मांडीवर घेऊन गप्प बसली. "इक्कड रा", इकडे ये, म्हणायला तोंड उघडायची आणि अम्माकडे बघून मिटायची. अम्मा स्वतः मोडक्या मराठीत त्याच्याशी बोलायची. अंगाईला मराठी शब्द सापडायचे नाहीत, म्हणून अंगाईही थांबली.

एकापेक्षा जास्त भाषांच्या घरात वाढणारी ऑटिझमची मुलं आणि एकाच भाषेत वाढणारी मुलं यांची तुलना संशोधकांनी केली आहे. जास्त भाषांनी या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं त्यातून दिसलेलं नाही. हे आम्हाला डॉक्टरांच्या खोलीत कळलं नाही, तिच्याबाहेरच्या बाकावर कळलं. कुंभारीच्या विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून, लेकीला घेऊन येणारी एक बाई अम्माच्या शेजारी बसली होती आणि लेकीशी खुशाल तेलुगूत बोलत होती. अम्मा घाबरून म्हणाली, "अहो, तसं बोलायचं नसतं." ती म्हणाली, "कोण म्हणालं? मी विचारून आलेय. बोला तुम्ही."

त्या रात्री नायनम्मानं दोन वर्षांचं बोलून घेतलं. नंतर ती फार जगली नाही.

[दृश्य: समाजमंदिराचा हॉल. सतरंज्या. दाराशी चपलांचा ढीग.]

त्या बाकावरच्या दोघींच्या तीन झाल्या, मग सात. आता महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी या हॉलमध्ये जमतात. मंडळाला नाव नाही, पाटी नाही. अशी सुरुवात आई-वडिलांनीच करायची, हे देशभर झालंय. १९९१ मध्ये दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' उभी राहिली, तीही मेरी बरुआ या एका आईच्या हातून.

इथे भाषण कमी होतं. भाषणापेक्षा सतरंजीवर पसरलेल्या कागदांना जास्त वेळ जातो. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि तो आला. प्रमाणपत्रासाठी जी तपासणी होते तिच्यात ४० मुद्दे असतात. त्यासाठी मुलाला आदल्या दिवशी काय सांगून ठेवायचं, रांगेत तो अस्वस्थ झाला तर कुणी रांग धरायची आणि कुणी त्याला मोकळ्यावर न्यायचं, हे इथे ठरतं. युडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रावर, नावाची एक वेलांटी चुकली की पुढे किती हेलपाटे पडतात, हे एका वडिलांना तोंडपाठ आहे. ते कन्नड, मराठी दोन्हीत फॉर्म भरून देतात. निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला ही माहिती वेळेवर मिळणं आणि दहा वर्षांनी मिळणं, यात फार मोठं अंतर आहे.

अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांची तपासणी करणारा बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, आणि ऑटिझम त्याच्या यादीत आहे. म्हणून या मंडळातल्या दोघी जणी आता अंगणवाडीताईंकडे जाऊन बसतात. नावानं हाक मारली की बघत नाही, बोटानं दाखवत नाही, अशी मुलं दिसली की थांबू नका म्हणून सांगतात.

पण या रविवारातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. दोन तास. तिघीचौघी मिळून सगळ्यांची मुलं बघतात आणि बाकीच्या आयांना दोन तास सोडतात. कुणी बाजारात जाते, कुणी बहिणीकडे. अम्माला पहिल्यांदा ते दोन तास मिळाले तेव्हा ती घरी आली, उशी घेतली आणि झोपली. दुपारी, दार उघडं टाकून, घोरत. मी सोळा वर्षांची होते आणि आईला दिवसा झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

वडील मंडळी सुरुवातीला येत नसत. आणून सोडायचे आणि बाहेर गाडीला टेकून उभे राहायचे. नायनाही. एकदा फॉर्मवर सही हवी होती म्हणून आत आले, सतरंजीवर टेकले आणि उठलेच नाहीत. त्या दिवशी दुसऱ्या एका बापाला ते म्हणाले, "मी याला घेऊन कधी चहाच्या टपरीवर गेलेलो नाही." पुढच्या रविवारी दोघे बाप, दोघे मुलगे, टपरीवर गेले. लोक बघत होते. चारही जणांनी चहा संपवला.

[दृश्य: सिद्धेश्वर तलावाचा काठ. पाणी. दूरवर मंदिर.]

भाऊ दहा वर्षांचा असताना हरवला. अम्मा विड्या द्यायला कारखान्यात गेली होती, कडी लागली नव्हती, मी अभ्यास करत होते. अनेक ऑटिझमच्या मुलांना पाण्याची ओढ असते. म्हणून आम्ही आधी इथे आलो. मग कंबर तलाव. त्या तीन तासांत मी पाण्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं कुणालाही पाहायला लागू नये.

तो सापडला अशोक चौकाच्या बाजूला, एका अनोळखी कारखान्याच्या भिंतीला कान लावून. आपल्या भिंतीचे माग बंद पडले होते, म्हणून चालू माग शोधत गेला होता. एका रिक्षावाल्या काकांनी त्याला दोनदा तिथे पाहिलं, नाव विचारलं. उत्तर आलं नाही, तरी ते निघून गेले नाहीत. शेजारी रिक्षा लावून बसून राहिले.

आता पूर्व भागातल्या तीन रिक्षा स्टँडवर मंडळातल्या मुलांचे फोटो आहेत, आई-वडिलांच्या परवानगीनं, ड्रायव्हर लोकांच्या फोनमध्ये. सोबत तीन ओळी. ओरडू नका. हात ओढू नका. जवळ थांबा आणि फोन करा.

[दृश्य: होम मैदान, गड्डा यात्रा. सकाळ. पाळणे थांबलेले, दुकानं अर्धी उघडलेली.]

संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. बाराबंदी घातलेले लोक, खांद्यावर नंदीध्वज, आणि नंतर कितीतरी दिवस हा गड्डा, म्हणजे पाळण्यांची, दुकानांची जत्रा. सोलापूरच्या पोराला गड्डा न दाखवणं म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या घरात तो बारा वर्षं दाखवला नव्हता. भोंगे, गर्दी, पिपाण्या. मग मंडळातल्या एकीनं पाळणेवाल्यांशी बोलून बघितलं. सकाळी, गर्दीच्या आधी, संगीत बंद ठेवून, एक तास. पाळणेवाले उत्तरेतले होते, त्यांना ऑटिझम हा शब्द माहीत नव्हता. ते म्हणाले, "बच्चे खुश होंगे ना? ले आओ." माझ्या भावानं चक्री पाळण्यात अकरा फेऱ्या मारल्या. खाली उतरल्यावर तो हसत होता आणि अम्मा रडत होती.

[दृश्य: घर. रात्र. अम्मा कागदांची पिशवी आवरते.]

मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आम्ही तो अर्ज केलाय. पालक म्हणून अम्मा-नायनांची नावं आहेत. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न अम्मा मला विचारत नाही. ती विचारत नाही, हेच मला ऐकू येतं.

मला स्थळं येतात. भावाबद्दल पहिल्याच भेटीत सांगायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. एक-दोन घरं चहा संपवून उठली. ठीक आहे. मंडळात माझ्यासारख्या बहिणी आणि भाऊ आता पाच-सहा झालोत. आमचा आमचा वेगळा तास असतो. आई-वडिलांसमोर जे बोलता येत नाही ते तिथे बोलतो.

[दृश्य: पुन्हा समाजमंदिर. रविवार. दारात एक तरुण आई, कडेवर अडीच-तीन वर्षांचा मुलगा, मागे नऊवारीतली आजी.]

गेल्या रविवारी हे तिघे आले. पोरगं खाली उतरलं आणि पंख्याच्या बटणाशी जाऊन उभं राहिलं. आई चपला काढायच्याही विसरून दारातच थांबली होती. आजी एका कोपऱ्यात बसली, ओठ मिटून.

अम्मानं पाणी दिलं. कुठून आलात, कधी कळलं, झालं विचारून. मग सुनेनं हळूच सांगितलं, आजींना कन्नडच येतं, आणि घरात कन्नड बोलू नका असं एका ठिकाणी सांगितलंय, म्हणून...

अम्माचा हात तसाच राहिला. तिला कन्नड धड येत नाही, बाजारापुरतं येतं. ती उठली, कोपऱ्यात जाऊन आजींच्या समोर उकिडवी बसली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तेवढ्याच कन्नडमध्ये म्हणाली,

"माताड्री, अज्जी. माताड्री." बोला, आजी. बोला.

[दृश्य: आजीचा चेहरा. ती पंख्याच्या बटणाशी उभ्या नातवाकडे वळते. तिचे ओठ हलतात. दूर कुठेतरी माग चालू आहेत.]