पाटी नसलेलं ऑफिस

(दृश्य : जिल्ह्याच्या गावातला एसटी स्टँड, सकाळ. पाय, पिशव्या, चपला. चेहरा एकही नाही.)

एसटी स्टँडापासून चालत सात-आठ मिनिटं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर शिवणक्लास. शिवणक्लासच्या समोरच आणखी एक दार आहे. त्या दारावर पाटी नाही.

पाटी मुद्दामच लावलेली नाही. जागा भाड्यानं घेताना संस्थेनं आधी जिना पाहिला. या जिन्यावरून दिवसभर बाया-मुली चढत-उतरत असतात. त्यात आणखी एक बाई चढली, तर खालच्या दुकानातली एकही मान वर होत नाही.

आतलं काम आहे एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना आधार देण्याचं. औषधं इथं मिळत नाहीत. ती सरकारी रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात, मोफत मिळतात. इथं गोळ्या वेळेवर घेतल्या जातायत ना ते पाहतात, पेन्शनचा अर्ज भरून देतात, सासरच्यांशी बोलायला सोबत जातात. पुष्कळदा नुसतं ऐकून घेतात.

संस्थेचं नाव आणि जिल्हा आम्ही या फिल्ममध्ये सांगणार नाही. ते कळलं, तर उद्यापासून तो जिना चढणाऱ्या प्रत्येकाकडे लोक वळून बघतील.

(दृश्य : लोखंडी कपाट. किल्ली फिरते. फायलींच्या पाठी दिसतात, त्यावर फक्त आकडे.)

आम्ही इथं आलो ते या कपाटासाठी.

प्रत्येक माणसाची एक फाईल. फाईलवर नाव नाही, नंबर आहे. कोणता नंबर कोणाचा, हे सांगणारं रजिस्टर दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या कपाटात असतं, आणि त्याची किल्ली दुसऱ्या माणसाकडे. चोरानं एक कपाट फोडलं, तरी त्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागावी, इतका साधा विचार.

फाईलमध्ये काय असतं? तपासणी कधी झाली. नवऱ्याला माहीत आहे का. सासरी कोणाला सांगितलंय, कोणापासून लपवलंय. मुलांची तपासणी झाली का. मारहाण होते का. एखाद्या रात्री विहिरीकडे पाय वळले होते का. सख्ख्या बहिणीला न सांगितलेलं माणूस इथं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मदत नेमकी होत नाही.

इथल्या ताई, म्हणजे संस्थेच्या कार्यकर्त्या, या कागदांना 'ठेव' म्हणतात. ठेव ज्याची त्याची. सांभाळणाऱ्यानं ती वापरायची नाही, कोणाला दाखवायची नाही, आणि धन्यानं मागितली की परत करायची. 'डेटा' या शब्दापेक्षा मला हा शब्द कितीतरी नेमका वाटतो.

(दृश्य : समुपदेशनाची छोटी खोली. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. दार बंद होतं.)

पहिल्या भेटीत आजाराच्या आधी वेगळेच प्रश्न विचारले जातात. तुमचा फोन घरात आणखी कोण उचलतं? मेसेज केला तर कोण वाचतं? घरी आलेलं चालेल का? आलो, तर कोण म्हणून यायचं?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कोणी सांगतं, बचत गटाची ताई म्हणून या. कोणी म्हणतं, माहेरची मैत्रीण सांगा. कोणी स्पष्ट सांगतं, येऊच नका, मीच येईन. उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं जातं, आणि ते बदललं की तारीख घालून नवं लिहिलं जातं. नवरा वारला, सून आली, मुलाच्या हातात मोबाईल आला. घर बदलतं तशी गुपिताची जागाही बदलते.

हे खोटं बोलणं झालं का, असं मी विचारलं. यावर इथं वाद नाही असं नाही. पण दार तिचं आहे. कोणाला काय म्हणून आत घ्यायचं, ते तीच ठरवणार. मला तरी हे पटलं.

(दृश्य : शेतातून जाणारा रस्ता. दुचाकीचं चाक. दुचाकीवर कुठलंही नाव नाही.)

सगळ्यात जोखमीचा कागद फाईलमधला नसतोच. तो असतो यादीचा.

महिन्याचं औषध न्यायला जे आले नाहीत, त्यांची यादी एआरटी सेंटरकडून संस्थेकडे येते. हे गरजेचं आहे. गोळ्या मध्येच सुटल्या तर शरीरातला विषाणू पुन्हा वाढतो, आणि पुढं तीच गोळी लागू पडेनाशी होऊ शकते. म्हणून माणूस शोधायला लागतो, तोही लवकर. पण नाव, गाव, फोन नंबर एकाखाली एक लिहिलेला तो एक कागद बसमध्ये विसरला, तर तेवढ्या सगळ्या घरांना एकाच दिवशी आग लागते.

म्हणून यादी ऑफिसबाहेर जात नाही. ताई डायरीत फक्त आपल्याला कळेल अशी खूण करून घेते. पारावर बसलेल्यांना पत्ता विचारत नाही. जीप घेऊन जात नाही. खेड्यात जीप आली की पोरं मागं पळतात. फोन दुसऱ्या कोणी उचलला, तर राँग नंबर म्हणून ठेवून देते. फाईलमध्ये 'येऊ नका' असेल, तर कितीही काळजी वाटली तरी ती त्या घराची पायरी चढत नाही. अशा वेळी तिची झोप उडते, पण पायरी चढत नाही.

ताईच्या स्वतःच्या मोबाईलचं काय? तो संध्याकाळी घरी जातो, आणि तिची लहान मुलं त्यावर गेम खेळतात. म्हणून त्यात कोणाचंही नाव सेव्ह नसतं. नंबराचे शेवटचे आकडे आणि एक अक्षर, बस्स.

ही शिस्त पुस्तकं वाचून आलेली नाही. एकदा एका नव्या कार्यकर्त्यानं औषधाच्या तारखेची आठवण करून द्यायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला. हेतू चांगला, काम सोपं. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसला. एकाच गावातल्या दोघांना एकमेकांचं कळलं. त्यातल्या एकानं पुढं संस्थेत येणंच सोडलं. ग्रुप तासाभरात बंद केला. पण एकदा दिसलेलं न दिसलेलं करता येत नाही. संस्थेनं प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून झालेली चूक सांगितली आणि माफी मागितली. कोणाच्या लक्षात आलंही नसेल, म्हणून गप्प बसण्याची सोय होती. ती त्यांनी घेतली नाही.

(दृश्य : मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, दुरून.)

नाव झाकण्याची ही लढाई महाराष्ट्रात जुनी आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कामगाराचं प्रकरण होतं. एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. काम करण्याइतका माणूस धडधाकट असेल, तर केवळ या कारणानं त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. निकालाच्या कागदावर त्या माणसाचं नाव नाही. तिथं 'एमएक्स' अशी अक्षरं आहेत. नाव लपवून न्याय मागता येतो, हे त्या दोन अक्षरांनी दाखवून दिलं. त्या काळात, देशात मोफत एआरटी सुरू व्हायच्या सात वर्षं आधी, हे कोणासाठीही लहान पाऊल नव्हतं.

पुढं २०१७ मध्ये संसदेनं एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कोणावरही आपली एचआयव्हीची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही. अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती सांभाळण्याची व्यवस्था करावी लागते : कागद कोण बघू शकतं, कुलूप कुठलं, आणि चूक झाली तर जबाबदार कोण. गुप्तता मोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याच कायद्यातलं एक कलम मी दोनदा वाचलं. जोडीदाराला सांगायचं की नाही? कायदा डॉक्टर किंवा समुपदेशकालाच ती मुभा देतो. तीही जोडीदाराला खरा धोका असेल, आधी त्या व्यक्तीला स्वतःहून सांगण्यासाठी समजावलं असेल, आणि 'आता मी सांगणार आहे' हे तिला कळवलं असेल, तरच. आणि सांगितल्यानं तिला मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही. आपल्याकडे नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईचीच तपासणी पुष्कळदा आधी होते, गरोदरपणात. आणि मग दोष तिच्याच पदरात पडतो. कलम लिहिणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असावी.

(दृश्य : एसटीचा वाहक तिकीट फाडतो. हात फक्त.)

पण गुप्ततेचं सगळ्यात अवघड वळण येतं ते सवलतींपाशी. एचआयव्हीबाधितांना एसटीचा प्रवास मोफत आहे. चांगली सवलत आहे. फक्त त्यासाठी भरल्या गाडीत वाहकापुढं दाखला धरावा लागतो. शेजारच्या सीटवर गावचाच माणूस बसलेला असतो. म्हणून मजुरीचे पैसे मोडून पूर्ण तिकीट काढणारी माणसं आहेत. कागदावर त्यांनी सवलत 'घेतली नाही' एवढंच दिसतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही तसंच. या आजारासाठी त्यात अनुदान आहे. पण अर्जाचा प्रवास बघा : तलाठी, तहसील, मग समिती. किती टेबलं, किती डोळे! इथल्या ताई अशा वेळी एक साधा प्रश्न विचारतात. तुम्ही विधवाही आहात ना? मग निराधार विधवा म्हणूनच अर्ज करू. योजना तीच, पण गावात सांगायला लागतं ते सगळ्या गावाला आधीच ठाऊक असलेलं. आम्ही जे काही पाहिलं, त्यात हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

(दृश्य : भिंतीवरचं वारली चित्र. या ऑफिसात लाभार्थ्यांचा फोटो कुठेही नाही.)

देणगीदारांना फोटो हवे असतात. वह्या वाटताना, धान्याची पिशवी देताना. मागं बॅनर, बॅनरवर आजाराचं नाव, पुढं ओळीत उभी केलेली मुलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो येतो आणि तिसऱ्या दिवशी शाळेत पोरांच्या शेजारचा बाक रिकामा होतो. या संस्थेनं असे फोटो द्यायचं बंद केलं, तेव्हा एक देणगी गेली. वर्षभर ओढाताण झाली. तरी फोटो नाहीच. मुलगा मोठा झाल्यावर आपल्या चेहऱ्याचं काय करायचं ते ठरवील. तोवर तो चेहरा विकायला आपण कोण?

आणि चेहरा झाकला, नाव बदललं म्हणजे काम झालं असंही नाही. 'अंगणवाडीशेजारी राहणारी, दोन मुलींची आई, नवरा ट्रकवर होता' एवढं म्हटलं, की अख्खं गाव बोट दाखवतं. म्हणून अहवालात लिहिताना मुलांची संख्या, नवऱ्याचं काम, रानातलं पीकसुद्धा बदलतात. आम्हीही या फिल्ममध्ये तेच केलंय.

जुन्या कागदांबद्दल सांगायला हवं. मुदत संपलेली फाईल इथं रद्दीत जात नाही. रद्दीवाल्याकडून कागद कुठं जातो, आपल्या सगळ्यांना माहीत आहे : शेंगदाण्याच्या पुडीत. कोणाचा रिपोर्ट कोणाच्या हाती उलगडेल, सांगता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा सगळे मिळून बसतात, कागद हातानं बारीक फाडतात, बादलीत भिजवतात, लगदा करतात. काय काय नष्ट केलं, ते रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्यांनी लिहितात.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगा, मागितलं तर मराठीतही द्या, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणंही सोपं ठेवा, असं तो म्हणतो. संस्थेनं आपला संमतीचा अर्ज चार पानांवरून एका पानावर आणला. तो मोठ्यानं वाचून दाखवतात, कारण इथं येणाऱ्या कित्येकांना वाचता येत नाही. न कळता उमटवलेल्या अंगठ्याला इथं संमती म्हणत नाहीत.

(दृश्य : पडदा काळा. फक्त आवाज : भाकरी थापल्याचा.)

ही फिल्म खरं तर एका बाईच्या हातांपासून सुरू होणार होती. तिनं होकार दिला होता. चेहरा नाही, आवाज नाही, फक्त भाकरी थापणारे हात. आम्ही ते चित्रित केले. फार सुंदर आलं होतं ते.

आठवड्यानं तिनं संस्थेत फोन केला. मनगटावर गोंदण आहे, म्हणाली. गावातली कोणीही बाई ते ओळखील.

आम्हाला कोणालाच ते दिसलं नव्हतं. ताईनं तिला पुढं काही विचारलं नाही, समजावलंही नाही. ती आमच्याकडे आली, शेजारी बसली, आणि कॅमेऱ्यातून, लॅपटॉपवरून, बॅकअपमधून ते चित्रण पुसून होईपर्यंत उठली नाही. मग फाईल काढून तिनं लिहिलं : संमती मागे घेतली, चित्रण पुसलं. खाली तारीख, वेळ, सही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनं नंबर पाहिला, डायरीतली खूण पाहिली, आणि फोन उचलला.

"हां, बोला. शिवणक्लासमधून बोलतेय."