खुर्चीनं हललं पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

हे भाषण तुम्ही बहुतेक बसूनच ऐकत असाल. आहात तसेच राहा, सावरून बसू नका. पाठीच्या कण्याचा विषय निघाला की माणसं आधी ताठ होतात आणि पाच मिनिटांत पुन्हा सैलावतात. आज मी त्या सैलावण्याची बाजू घेऊन बोलणार आहे. माझा धंदा फर्निचर डिझाइनचा, त्यामुळे दिवसभर माझं लक्ष लोकांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या बसण्याकडेच जास्त असतं.

‘नीट बस’ हे आपण घरात ऐकलं, शाळेत ऐकलं. नीट म्हणजे काय, तर मांडी आणि पाठ काटकोनात, गुडघा काटकोनात, नजर समोर. खुर्च्याही वर्षानुवर्षं याच चित्राबरहुकूम बनत आल्या. शरीराला मात्र हा काटकोन फारसा मानवत नाही. आपण उभे असतो तेव्हा कमरेपाशी कण्याला आतल्या बाजूला एक कमान असते. बसताना मांडी वर येते, पण खुब्याचा सांधा सगळा काटकोन एकटा पुरा करत नाही. उरलेलं काम कमरेचं हाड मागे कलून भागवतं, आणि ते कललं की कमान सपाट होते. कीगन नावाच्या अमेरिकी सर्जननं १९५३ साली वेगवेगळ्या स्थितींतले एक्स-रे काढून हे दाखवून दिलं. मांडी आणि धड यांच्यातला कोन १३५ अंशांच्या आसपास उघडला की कमान आपल्या जागी राहते. म्हणजे आपण ज्याला लोळत बसणं म्हणतो, त्याच्या जवळपासची स्थिती.

पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये नाकेम्सन या अस्थिशल्यविशारदांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. ऐकतानाच अंगावर काटा येतो, पण स्वयंसेवक मिळाले! आधाराशिवाय ताठ बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा साधारण ४० टक्के जास्त भरला, आणि मागे रेललं की तो उतरला. कित्येक वर्षं खुर्चीवाल्यांनी हे आकडे प्रमाण मानले. मग १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथं विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून त्याचा जवळजवळ पूर्ण दिवस नोंदवला. त्यात उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक) आणि आधाराशिवाय बसल्यावर ०.४६, म्हणजे फारसा फरकच नाही. आणि खुर्चीत ऐसपैस, पाठ टेकून पसरल्यावर दाब ०.३ च्या आसपास. एकाच माणसावरची मोजणी आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण पाठ टेकली की भार हलका होतो, याबाबत दोन्ही प्रयोगांचं एकमत आहे.

मग दिवसभर रेलूनच बसावं का? तसंही नाही. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भार कमी-जास्त होतो तेव्हा त्यांच्यातला द्रव आतबाहेर करतो, आणि त्यांचं पोषण चालू राहतं. एकाच स्थितीत तासभर राहिलं, मग ती स्थिती कितीही ‘शास्त्रशुद्ध’ असो, की ही ये-जा मंदावते. तुम्ही मिनिटामिनिटाला बूड सरकवता, एका कुशीवर झुकता, पाय पुढे ताणता, ते शरीर स्वतःची सोय लावत असतं. खुर्चीनं त्याच्या आड येऊ नये, आणि जाल तिथं पाठीला टेकू द्यावा. डिझाइनरपुढचं काम एवढंच आहे, आणि ते भलतंच अवघड आहे.

हलणारी खुर्ची तशी नवी नाही. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कारखान्याची, थॉमस वॉरन यांची स्प्रिंगवर डुलणारी आणि फिरणारी खुर्ची १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडली होती. आपल्याकडे झोपाळे होतेच. पण झोपाळ्यावर बसून कुणी टाइप करत नाही. खरी अडचण कामाच्या खुर्चीची आहे. माणूस मागे गेला तरी त्याचे डोळे पडद्यावर हवेत, हात टेबलाशी हवेत आणि पाय जमिनीवर.

ही अडचण जवळून बघू. स्वस्तातली चाकाची खुर्ची घ्या. तिची बैठक आणि पाठ एकसंध, आणि खाली मधोमध एकच बिजागरी. तुम्ही मागे रेललात की अख्खी खुर्ची कलते. बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, टाचा उचलल्या जातात, नजर छताला लागते. म्हणून आपण दोन क्षणांत पुन्हा पुढे येतो.

बरं, पाठ वेगळी हलवली तर? तिची बिजागरी बैठकीच्या मागच्या टोकाला, खाली बसवली, तर रेलताना खुर्चीची पाठ तुमच्या पाठीवरून घासत सरकते. खोचलेला शर्ट बाहेर येतो. विनोद नाही, आमच्या धंद्यात ही चाचणीच आहे. शर्ट ओढला गेला याचा अर्थ, तुमचं धड एका बिंदूभोवती फिरतंय आणि खुर्ची दुसऱ्याच बिंदूभोवती. तुमचा बिंदू म्हणजे खुबा. तो बैठकीच्या वर आहे, तुमच्या अंगाच्या आत. तिथं बोल्ट कसा ठोकणार? मग बैठकीखाली दांड्या आणि सांधे असे जोडतात की पाठ फिरते ती त्या हवेतल्या, न दिसणाऱ्या बिंदूभोवती. सोबत बैठकही थोडी कलते, साधारणपणे पाठ दोन अंश गेली तर बैठक एक. त्यामुळे पाय जमिनीवर राहतात आणि माणूस पुढे घसरत नाही. बाजारात ‘सिंक्रो’ म्हणून जे विकतात ते हेच.

आता नॉबकडे येतो. बैठकीखाली हात घातलात तर एक जाडजूड गोल मूठ लागेल. ती स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करते. वजन कमी असलेल्या माणसानं सैल करायची, जास्त असलेल्यानं आवळायची, आणि तीही बरेच फेरे फिरवून. किती जण फिरवतात? हिंजवडीत एकाच खुर्चीवर पाळीपाळीनं तीन माणसं बसतात. सकाळच्या पाळीतली ५० किलोची मुलगी कितीही रेलली तरी पाठ हलत नाही. रात्रपाळीचा ९० किलोचा गडी टेकला की थेट आडवा होतो. मग दोघंही एकच उपाय करतात, बाजूचा खटका ओढून पाठ लॉक करतात. झालं, हजारो रुपयांची हलणारी खुर्ची आता शाळेचं बाक.

या नॉबवर नील्स डिफ्रियंट या अमेरिकी डिझाइनरनं डोकं खपवलं. जन्म १९२८ चा, मिसिसिपीतल्या स्टार नावाच्या खेडेगावचा. हेन्री ड्रायफस या नावाजलेल्या डिझाइनरच्या कचेरीत त्यांनी कित्येक वर्षं माणसांची मापं गोळा केली. १९७४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्या मापांचे फिरत्या चकत्यांचे तक्ते काढले, ते जगभरच्या डिझाइनरांनी वापरले. चकती फिरवायची, उंची निवडायची, खिडकीत त्या माणसाच्या मांडीची, कोपराची, नजरेची मापं दिसतात. इतकी मापं हाताळलेला माणूस शेवटी म्हणाला काय, तर मापानुसार खुर्ची जुळवण्याचं काम बसणाऱ्यावर सोपवू नका, तो ते करणार नाही.

१९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फ्रीडम’ खुर्चीत ताणाचा नॉबच नाही, लॉकही नाही. तुम्ही रेलता तेव्हा बैठक वर उचलली जाते, म्हणजे मागे जाण्यासाठी तुम्हालाच तुमचं वजन उचलावं लागतं. मैदानातला सी-सॉ आठवा, फक्त दोन्ही टोकांना तुम्हीच. वजन जास्त त्याला विरोध जास्त, कमी त्याला कमी, आणि कुठंही थांबलात तरी तोल सांभाळलेला. पाठ मागे जाईल तसा डोक्याचा टेकू पुढे येतो, म्हणजे रेलल्यावरही पडदा दिसतो. मला विचाराल तर त्या खुर्चीचं रूप काही मनात भरत नाही. पण तिच्यामागचा विचार मला गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात शहाणा वाटतो.

जास्त गाजली मात्र त्याआधी पाच वर्षं आलेली ‘एरॉन’, बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांची. या जोडीनं आधी म्हाताऱ्या माणसांच्या आरामखुर्चीवर काम केलं होतं. दिवसदिवस बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या अंगाखाली फोम तापतो, घाम धरतो, कातडी दुखावते, हे त्यांनी पाहिलं. एरॉनमध्ये त्यांनी फोम काढूनच टाकला आणि ताणलेली जाळी बसवली. वर तीन मापं दिली, ए, बी आणि सी. जाळीचं कौतुक अमेरिकेला वाटलं. आपल्या सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या कारकुनांना वाटलं नसतं, कारण वेतानं विणलेल्या बैठकीवर त्यांचा जन्म गेला. ती हवा खेळवायची, अंगाबरोबर किंचित दबायची. आपण ती काढून रेक्झिनच्या गाद्या आणल्या आणि वर पंखे लावले.

नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांची वाट आणखी वेगळी. घोड्याच्या खोगिरावरून सुचलेली त्यांची ‘कापिस्को’ अशी आहे की तिच्यावर उलटं बसा, आडवं बसा, पाठीच्या भागावर छाती टेकून बसा, ती तक्रार करत नाही. आमच्यातले बरेच जण खुर्चीत एकच बरोबर जागा शोधत बसतात, त्यांनी तो नादच सोडला.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्याकडच्या कित्येक खुर्च्यांच्या मापांवर अजून परदेशी अंगाची छाप आहे. भारतीय शरीरांची मापं नाहीत असं नाही. देबकुमार चक्रवर्ती यांचं संकलन अहमदाबादच्या एनआयडीनं, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं, १९९७ मध्येच छापलं आहे. ते उघडलं तर कळतं की आपल्या अनेक बायकांच्या गुडघ्यामागची लवण जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्याही खाली असते. बऱ्याच ऑफिस खुर्च्या मात्र ४२-४३ च्या खाली उतरतच नाहीत. त्यात आपण टेबलाखाली चपला काढून ठेवतो, म्हणजे आणखी दोन सेंटिमीटर गेले. पाय लोंबकळू लागले की माणूस पुढच्या कडेवर सरकतो, पाठ टेकूपासून सुटते, आणि मागची सगळी यंत्रणा, तो हवेतला बिंदू, ती स्प्रिंग, फुकट जाते. मग बाई एक पाय वर घेऊन अर्धी मांडी घालते. ऑफिसात त्याला बेशिस्त म्हणतात. मी त्या अर्ध्या मांडीला खुर्चीवरचा अभिप्राय म्हणेन, आणि मांडी मावेल एवढी रुंद बैठक नि मागे सारता येणारे हात देणारा भारतीय डिझाइनर कधी भेटतो याची वाट बघेन.

तोवर दुकानात गेलात तर घाई करू नका. चपला काढा आणि बसा. तळवे टेकतात का बघा. गुडघ्यामागची लवण आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. लॉक सोडा आणि रेला. टाचा उचलल्या गेल्या, शर्ट ओढला गेला, की दुकानदार काहीही म्हणो, उठा. आणि घरी-ऑफिसात जी खुर्ची आहे तीच वापरायची असेल, तर पायाखाली दोन विटा ठेवा, बैठकीखालची ती मूठ एकदाची तुमच्या वजनापुरती फिरवून घ्या, आणि तो खटका सोडून द्या. पहिले दोन दिवस पडल्यासारखं वाटेल. तिसऱ्या दिवशी विसराल.

नमस्कार.