सही करण्याआधी

वकील असूनही पहिल्यांदा हेच सांगतो: कामावर इजा झालेल्या प्रत्येकाला वकील लागत नाही. बोट कापलं, चार टाके पडले, मालकाने अपघात मान्य केला, उपचारांचा खर्च दिला, बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले आणि तुम्ही बरे होऊन कामावर रुजू झालात, तर माझ्याकडे येऊन काय करणार? फी तेवढी जाईल.

भरपाईचा कायदा आला तोच मुळी कोर्टाचे हेलपाटे वाचवायला. त्याआधी मालकाची चूक कामगाराने सिद्ध करायची. मालक म्हणे, चूक तुझीच. नाहीतर तुझ्या सोबत्याची. आणि धोका ठाऊक असूनच तू कामाला आलास ना? जर्मनीत १८८४मध्ये अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये १८९७मध्ये भरपाईचा कायदा झाला, आणि प्रश्नच बदलला. चूक कोणाची हे बाजूला राहिलं. इजा कामामुळे झाली का, एवढंच बघायचं.

वाद आता त्या ‘कामामुळे’ शब्दात शिरतो. यंत्रात हात गेला तर नाकारणं अवघड. कंबर मात्र हळूहळू जाते. वीस वर्षं पोती उचलून मणक्यातली चकती सरकली, की उत्तर येतं: हे वयोमानाने झालं, दुखणं जुनंच आहे. कानाचं, फुप्फुसांचं तेच. इथे वकील गाठा, कारण आता सगळं वैद्यकीय पुराव्यावर येतं आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हेही कसब आहे. ‘हा आमचा माणूसच नाही, कंत्राटदाराचा आहे’ असं कळवलं तरी थांबू नका. यंत्रच सदोष असेल तर ते बनवणाऱ्यावर निराळा दावा होऊ शकतो. हे बहुतेकांना सुचतच नाही.

नकाराच्या पत्राने माणूस निदान सावध होतो. मला धास्ती वाटते ती एकरकमी तडजोडीच्या कागदाची. सहा महिने पगार नसलेल्याला कोणतीही रक्कम मोठीच दिसते. आत कुठेतरी लिहिलेलं असतं, की पुढच्या उपचारांचा हक्क सोडला. गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा काही वर्षांनी पुन्हा बदलावा लागू शकतो, हे त्या घडीला कोणाच्या मनात येतं? कायमच्या अपंगत्वाची टक्केवारीही तशीच. दहा लिहिली की वीस, यावर पुढचा सगळा हिशेब. सही करून मग माझ्याकडे आलेल्यांचे कागद मी दोनदा वाचतो आणि बहुतेकदा तसेच परत देतो.

मालकाला कळवायची मुदत वेगळी, दाव्याची वेगळी, आणि त्या देशोदेशी बदलतात. सुपरवायझरला तोंडी सांगितलं म्हणजे झालं, असं धरू नका. लेखी द्या, पोच घ्या.

राहिली फी. काही देशांत ती भरपाईतून टक्क्याने घेतात आणि तिच्यावर कायद्याची मर्यादा असते. काही ठिकाणी अशा टक्केवारीला बंदीच आहे. टक्का असेल तर तो कशावर, हे आधी विचारा. जे पैसे मालक आपणहून देतच होता, त्यातही वाटा मागणारा वकील भेटला, तर खुर्चीवरून उठा.