खाले जपेल व्हता का?

नमस्कार श्रोतेहो. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. डॉक्टर होणारी पोरं माहिती कुठे शोधतात, हे मी रोज पाहिलं. आधी शेजारच्याला विचारतात, मग सीनियरला, मग मोबाईल. पुस्तकाचा नंबर शेवटी, तोही परीक्षा आली की.

पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे एक शेतमजूर कॅज्युअल्टीत आला. "पोट दुखी राहिनं" एवढंच सांगत होता. इंटर्न पुण्याकडचा. त्याने मोबाईलवर पोटदुखीची कारणं काढली. अपेंडिक्स निघालं, मुतखडा निघाला, साप काही निघाला नाही. ड्युटीवरच्या सिस्टर आपल्या अमळनेरकडच्या. त्यांनी रुग्णाला विचारलं, "रातले खाले जपेल व्हता का भाऊ?" म्हणजे रात्री खाली जमिनीवर झोपला होतास का? तो हो म्हणाला. सिस्टरांनी त्याच्या पापण्यांकडे बोट दाखवलं. त्या खाली ओघळू लागल्या होत्या.

मण्यार साप चावला होता! ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावलेल्या जागी सूज नाही, वेदना नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही.

माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी इंटर्न माझ्याकडे आला. मी त्याला पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडून दिलं. १९९७ पासून ते सगळ्यांना फुकट आहे. त्याने नुसतं 'सर्पदंश' टाकलं, तर अमेरिकेतल्या सापांचे लेख धो धो आले. त्यांचं इथे काय करायचं? आपली सर्पविषावरची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची. मग भारतातले उपचारांचे नियम काढले. त्यात लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस द्या, असं लिहिलेलं. तो चक्रावला, बाकी औषधं वजनावर मोजायची सवय ना! पण साप काही पोराचं वजन बघून विष कमी सोडत नाही.

आणि कुठेच लिहिलेलं नसेल तर? कोकणात महाडजवळ डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण स्वतः तपासून नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. खेड्यातला डॉक्टर जगाला माहिती देतोसुद्धा, ही गोष्ट मी दर नव्या बॅचला सांगायचो.

त्या इंटर्नने नियमांचं एक पान हाताने लिहून कॅज्युअल्टीत चिकटवलं. कोपऱ्यात साल टाकायला मी लावलं, म्हणजे नियम बदलले की पान बदलता येतं. निवृत्तीच्या दिवशी सहज डोकावलो. पान नवं होतं, अक्षर दुसऱ्याच कुणाचं. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'खाले जपेल व्हता का, हे आधी विचारा.'