सहा लिटर आणि एक डोंगरधार

(पहाट. हेडलॅम्पच्या उजेडात सॅक भरणारे हात.)

सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो. शाळेपासून माहितीये आपल्याला हे, पण ते पाठीवर घेऊन कातळ चढायला लागलं की खरं कळतं, कारण दर पावलाला सॅक मागे ओढते.

जानेवारी महिना. ॲरिझोनात, फिनिक्सच्या पूर्वेला अपाचे जंक्शन नावाचं गाव आहे, त्याच्या मागे सपाट वाळवंटातून एकदम भिंत उठते, ते सुपरस्टिशन माउंटन्स. लॉस्ट डचमन स्टेट पार्कमधून वर चढायचं, पूर्ण धार धरून आग्नेयेला जायचं आणि कार्नी स्प्रिंग्जच्या बाजूला उतरायचं, साधारण ११-१२ मैल. मी एकटी आहे. गाडी काल संध्याकाळीच पलीकडे लावून आले, आज मैत्रिणीने इकडे सोडलं, आणि रात्री आठपर्यंत माझा मेसेज आला नाही तर कुणाला फोन करायचा तेही तिला लिहून दिलंय.

(उजाडतंय. सवारो निवडुंगांच्या रांगा.)

हे सवारो बघा. खोडाला उभ्या चुण्या आहेत ना, पाऊस झाला की त्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि झाड पाणी भरून घेतं, मग महिनोन्‌महिने तेच पुरवतं. पहिला हात फुटायला बहुतेक वेळा पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे हे समोरचं चार हातांचं झाड माझ्या आजीच्याही आधीचं असणार.

(चढ. श्वासाचा आवाज.)

वर जायची वाट म्हणजे सायफन ड्रॉ. आपण ज्याला नाळ म्हणतो ना, डोंगरातली अरुंद घळ, अगदी तीच. मध्ये पाण्याने घासून गुळगुळीत केलेला कातळाचा मोठा खोलगा लागतो, देखभाल होणारी वाट तिथेच संपते आणि पुढे नुसते धोंडे, घसारा, हात लावून चढणं. हात वापरायला मला सह्याद्रीने शिकवलंय, पण दगड वेगळा आहे. आपला बसाल्ट म्हणजे थरावर थर पसरलेला लाव्हा. इथे साधारण २.५ ते १.५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटले, त्यांची गरम राख दाबून चिकटून जो दगड झाला तो टफ. बुटाला ग्रिप मस्त देतो, पण बाहेर आलेला गोटा कधी हातात येईल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक होल्ड आधी ठोकायचा आणि पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. माथ्याच्या जरा खाली १०-१२ फुटांचा रॉकपॅच आहे, तिथे सॅकमुळे तोल मागे जात होता म्हणून छाती कातळाला चिकटवून चढले.

फ्लॅटआयर्न, ४८६१ फूट. खाली सगळं फिनिक्सचं खोरं. इथपर्यंत माणसं असतात, फोटो काढतात, परत जातात. मी डावीकडे वळले आणि दहा मिनिटांत आवाज बंद.

(धार. वाऱ्याने घडवलेले उभे दगड. वारा.)

पुढे वाट अशी नाही, दगडांच्या छोट्या राशी रचलेल्या आहेत त्या शोधत जायचं, गुडघाभर काटेरी झुडपं, मध्येच टोकदार अगावे, म्हणजे आपल्या घायपातासारखी झुडपं. चोया नावाच्या निवडुंगाचा एक तुकडा तळहातात घुसला. त्याचे काटे उलट्या दातांचे असतात, बोटाने ओढायचे नाहीत, कंगवा घालून उडवायचा. इकडचे लोक सॅकमध्ये कंगवा ठेवतात तो याचसाठी, मीही ठेवते.

दुपारी एकदा चुकले. एका सोंडेवर राशी दिसल्यासारख्या वाटल्या म्हणून उतरत गेले आणि समोर कडा. खालचं दिसत नसेल तिथे उतरायचं नाही हा माझा नियम आहे, एकटी असताना तर नाहीच, म्हणून सगळं परत चढले. चाळीस मिनिटं आणि पाऊण लिटर गेलं. वेळेपेक्षा मला त्या पाऊण लिटरची जास्त चिंता वाटली.

कारण हरिश्चंद्रगडावर काय, राजगडावर काय, वर टाकं असतंच. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी हातोडा घेऊन तो कातळ खोदून ठेवलाय आणि आपण बाटली बुडवतो, आणि खाली गावातली मावशी कळशीतून ओतून देते ते वेगळंच. मी वीस वर्षं ट्रेक केले पण पाणी मी एकटीने कधी वाहिलंच नव्हतं, हे मला इथे आल्यावर समजलं.

(क्लोजअप. कातळातला खळगा, तळाशी पाणी.)

आणि मग हा दिसला. गेल्या आठवड्यातल्या पावसाचं पाणी, ओंजळी-दोन ओंजळी, भोवती मधमाश्या. अशा खळग्यांना इथे तिनाहा म्हणतात, स्पॅनिश शब्द, अर्थ मातीचा रांजण. आणि निघोजला कुकडीच्या पात्रातल्या खळग्यांना आपण काय म्हणतो? रांजणखळगे! दोन भाषांना कधी एकमेकींचं तोंडही दिसलं नसताना दोघींना कातळातल्या पाण्याकडे बघून घरातला रांजणच आठवला. मी तिथे बराच वेळ बसले होते. पाणी घेतलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं.

या डोंगराचं नाव निघालं की लोक सोन्याची गोष्ट सांगतात. जेकब वॉल्ट्झ नावाचा जर्मन माणूस, १८९१ साली फिनिक्समध्ये वारला, त्याची म्हणे इथे सोन्याची खाण होती. ती शोधायला ॲडॉल्फ रुथ १९३१ च्या जूनमध्ये आत गेले आणि त्या डिसेंबरमध्ये त्यांची कवटी सापडली. मला सोन्यापेक्षा तो जूनच आठवत राहतो. जूनमध्ये इथे चाळीसच्या वर तापमान असतं. किती पाणी घेऊन निघाले असतील ते?

(सर्वोच्च टोक. दूरवर सुळका.)

५०५७ फूट, धारेचं सगळ्यात उंच टोक, कळसूबाईपेक्षा थोडं कमी. समोर वीव्हर्स नीडल, आपल्याकडे असता तर कुणीतरी त्या सुळक्याला नवरा-नवरीची गोष्ट चिकटवली असती. दोन लिटर उरलंय.

उतरण लांब आहे, घसारा आहे, गुडघे दुखतात. शेवटचा अर्धा तास हेडलॅम्प लावून. पावणेसातला गाडी दिसली, मैत्रिणीला मेसेज केला, "खाली आले गं". बाटलीत अर्धा लिटर होतं. बॉनेटला टेकून ते सगळं एका दमात प्यायले. अजून गार होतं.